वैजनाथ ड्रायव्हरचा लेप

वैजनाथ गावंडेचा चेहरा एकदा पाहिला की सहसा विसरायला होत नसे. नाक सरळ, मिशी बेताची, डोळे शांत. पण दोन्ही गालांवर बारीक बारीक खड्डे, धुळीवर चार थेंब पडून जावेत आणि त्यांच्या खुणा राहाव्यात तसे. वयात येताना तोंडभर पुळ्या उठल्या होत्या, त्या गेल्या पण आपली जागा राखून गेल्या. वाशीमकडच्या त्याच्या गावात शाळेतली पोरं त्याला 'चाळणी' म्हणत. पुढे तो ड्रायव्हिंग शिकला, काही वर्षं ट्रक चालवला, मग पुण्यात आला आणि स्वारगेट डेपोत शहराच्या बसवर लागला. प्रवाशांना ड्रायव्हरची पाठ तेवढी दिसते. त्यामुळे चेहरा ही काळजी करायची गोष्ट आहे असं त्याला नंतर कधी वाटलंच नाही.

लग्नानंतर एकदा त्याने रुपालीला विचारलं होतं, "बघायला आलो तेव्हा माझे गाल बघून काय वाटलं गं तुला?"

"काय वाटायचंय? गाल काय लाटायचे होते मला?" रुपाली म्हणाली होती. "समोरचा बोलतो तेव्हा हा माणूस गप्प बसून ऐकतो, एवढं बघितलं."

तिथे तो विषय संपला होता. बिबवेवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, रुपाली शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जायला लागली, मुलगी नम्रता मोठी झाली. नम्रताचे डोळे आईचे, हसणं आईचं, रागावणं तर तंतोतंत आईचं. बापाचं तिच्यात काय आहे, हे बारावीपर्यंत कुणाला सांगता आलं नसतं. बारावीत तिच्या कपाळावर दोनचार मुरूम आले. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला दोन्ही गाल भरले. लाल, दुखरे, एक बसला की शेजारी दुसरा. तेव्हा कळलं की कातडी तेवढी बापाची आली आहे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टूथपेस्ट लावायला सांगितली. कारखान्यातल्या एकीने रुपालीला सांगितलं, तेलकट बंद करा. दुसरीने सांगितलं, चॉकलेट बंद करा. रुपाली स्वतः म्हणायची, "वय आहे, जाईल आपोआप. त्याकडे सारखं बघत बसू नकोस." नम्रता बघत नव्हतीच. बाथरूममधल्या आरशावर ती येताजाता टॉवेल टाकून ठेवायची, एवढंच.

घराबाहेर मात्र कुणाला काही दिसायचं नाही, कारण पुण्यात पोरींनी डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळणं ही रोजची गोष्ट. उन्हाला स्कार्फ, धुळीला स्कार्फ, ओळखीच्या माणसांनाही स्कार्फ. नुसते डोळे उघडे ठेवून अख्खं शहर गाडीवर फिरतं. त्यात नम्रता एक.

वैजनाथला ते कळलं एका दुपारी. त्याची बस वारजे माळवाडीहून स्वारगेटला परत येत होती. नळ स्टॉपला पाचसहा मुली चढल्या आणि त्यांतली शेवटची आपली आहे, हे त्याने चालण्यावरून ओळखलं. तिने हात केला, मागे जाऊन बसली. आतल्या आरशात त्याला दिसत होतं: बाकीच्या मुलींनी बसल्या बसल्या स्कार्फ सोडले, त्यांनीच वारा घेत गप्पा मारायला लागल्या. उकाडा असा होता की इंजिनाजवळ बसलेल्या वैजनाथचा शर्ट पाठीला चिकटला होता. नम्रताने स्कार्फ सोडला नाही. मैत्रिणी एकेक करून उतरल्या, बस रिकामी झाली, तरी सोडला नाही.

स्वारगेटला गाडी लावून तो मागे आला. "नमू, सोड की आता तो. गुदमरशील."

"असू दे पप्पा. धूळ आहे ना."

बस उभी होती. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. वैजनाथने पुढे जाऊन आपला डबा उचलला. पण त्या रात्री तो नीट जेवला नाही, आणि रुपालीने विचारलं तेव्हा "ऊन लागलंय" म्हणाला.

पुढच्या महिन्यात रुपालीच्या भाच्याचा साखरपुडा निघाला, चिंचवडला. नम्रता म्हणाली, सबमिशन आहे, मी येत नाही. रुपालीने आवाज चढवला. "सख्खा मामेभाऊ आहे तुझा. लोक काय म्हणतील? यायचं म्हणजे यायचं." नम्रता मग गप्प झाली. तिचं गप्प होणं दोघांनाही होकारासारखं वाटलं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी वैजनाथची सकाळची ड्युटी होती. दुपारी तो घरी आला तर बाथरूमचं दार अर्धवट उघडं आणि नम्रता बेसिनला धरून उभी. बाजूला पिळलेलं लिंबू आणि खायच्या सोड्याची पुडी. मोबाईलवर एक बाई अजून हसून सांगत होती, एका रात्रीत फरक बघा. नम्रताचे दोन्ही गाल भाजल्यासारखे लालभडक झाले होते. आग होत होती, पण रडलं की डोळ्यांतलं पाणी गालांवर येऊन अजून झोंबतं, म्हणून ती रडूही शकत नव्हती.

वैजनाथने आधी नळ सोडला. तिचं डोकं बेसिनवर धरून तो ओंजळीने पाणी मारत राहिला, बराच वेळ. मग जुनं मऊ धोतर फाडून त्याची ओली घडी केली आणि तिच्या गालांवर धरली.

आग जरा कमी झाल्यावर तिने फडक्यामागून विचारलं, "पप्पा, मला तुमच्यासारखं होईल का?"

त्याला लागेल असं काही तिला बोलायचं नव्हतं. तिने नुसतं विचारलं होतं, भाजी करपेल का, असं विचारावं तसं. वैजनाथ म्हणाला, "नाही होणार." आणि म्हणताना त्याला कळत होतं की आपल्याला यातलं काहीही माहीत नाही.

साखरपुड्याला रुपाली एकटीच गेली. वैजनाथने रजा टाकली आणि नम्रताला चौकातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. बोलणं तुटक, पण हात हलका. त्यांनी दिव्याखाली दोन्ही गाल पाहिले.

"लिंबू कुणी सांगितलं?"

"मोबाईलवर होतं," नम्रता पुटपुटली.

"लिंबू पोह्यांवर पिळायचं. सोडा ढोकळ्यात घालायचा. टूथपेस्ट दातांना. मुरमांना हात लावायचा नाही, फोडायचे तर मुळीच नाहीत." त्यांनी आधी भाजलेली कातडी शांत व्हायचं मलम दिलं, नंतर कधी काय सुरू करायचं तेही सांगितलं. "महिने लागतील. सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल. तरी सोडायचं नाही. वेळेत आलीस, खड्डे फारसे पडणार नाहीत."

शेवटचं वाक्य ऐकून वैजनाथने इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरांनी वर पाहिलं. मग त्याने चाचरत विचारलं, "मॅडम, घरचं काही लावलं तर चालतं का? माती, दही, असलं?"

"त्याने मुरूम बरे होतात असं नाही. पण सौम्य असेल, आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी लावलं आणि पूर्ण वाळायच्या आत धुतलं, तर थंड वाटेल, तेल जरा कमी होईल. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. चुरचुरलं की बंद. आणि औषध औषधाच्या जागी."

घरी परत येताना वैजनाथच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. औषधाला महिने लागणार. तोवर पोरगी हातावर हात धरून बसणार नाही. कुठलातरी व्हिडिओ पुन्हा काहीतरी थापायला लावणार. त्यापेक्षा साधं, थंड, न चावणारं काही घरातच तिच्या हाताशी असलं तर? आणि ते चावतं की नाही हे बघायला तिच्यासारखीच कातडी घरात होतीच. त्याची स्वतःची.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर तो मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेला. गल्ल्यावर एक वयस्क गृहस्थ चष्म्यावरून बघत बसले होते.

"मुलतानी माती आहे का?"

"दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"नाही, म्हणजे... द्या की मग."

"कशाला हवी?"

"तोंडाला."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

गृहस्थांनी चष्मा वर सारून वैजनाथचे गाल नीट पाहिले. "मग अर्धा किलो घ्या," ते म्हणाले.

वैजनाथला राग यायला हवा होता, पण त्याला हसू आलं. ते पाहून गृहस्थांनाही आलं. त्यांनी माती चाळून दिली, वर गुलाबपाकळ्यांची पूड बांधून दिली आणि बजावलं, "वाळून तडकेपर्यंत ठेवू नका. भिजलेली आहे तोवरच तिचा उपयोग."

पण हे शेवटचं वाक्य वैजनाथ विसरला. घरी येऊन त्याने भज्यांच्या पिठासारखी घट्ट माती कालवली, बोटबोट जाडीचा थर दिला आणि पंख्याखाली बसला. थोड्या वेळाने ओठ हलेनात. भुवया वर जाईनात. गालांवर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या. आणि नेमकी त्याच वेळी दाराची बेल वाजली.

दारात सोसायटीचे चेअरमन हिंमतराव उभे होते, पाण्याच्या टाकीचं काही सांगायला. त्यांनी वैजनाथकडे पाहिलं. वैजनाथने हात जोडले. बोलायचा प्रयत्न केला तर हनुवटीवरचा एक पापुद्रा निखळून त्यांच्या चपलेवर पडला.

"गावंडे," हिंमतराव शांतपणे म्हणाले, "डागडुजी काढायची तर आधी सोसायटीला अर्ज द्यावा लागतो. आपण आपल्या मनाने प्लास्टर करायचं नाही." आणि जिना उतरून गेले.

आतल्या खोलीतून नम्रता बाहेर आली. भिंतीला टेकून ती हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसली. घरात तिचं हसणं ऐकून किती तरी दिवस झाले होते. वैजनाथलाही हसायचं होतं, पण माती हसू देत नव्हती.

तिथून त्याने हे काम मनावर घेतलं. माती पातळ कालवायची, थर पातळ द्यायचा, हे पहिल्याच दिवशी कळलं. मग एकदा डेपोतल्या कडुलिंबाचा पाला आणून उकळला. घरभर असा कडवट वास सुटला की रुपालीने खिडक्या उघडून स्वयंपाक तसाच ठेवला. एकदा मसुराची डाळ दुधात भिजवून मिक्सरमधून काढली. रुपाली कारखान्यातून आली, भांडं पाहिलं आणि म्हणाली, "ही आमटीची डाळ होती."

"थोडीच घेतली गं."

"थोडीच आमटी होईल मग. तुमच्या वाटची तोंडाला लावलीत असं धरते."

डाळ गालाला खरखरीत लागली. ज्वारीचं पीठ त्याहून खरखरीत. बेसन ठीक होतं, पण वाळलं की ओढायचं. हळद चिमटीहून जास्त पडली तेव्हा दोन दिवस पिवळं तोंड घेऊन त्याने बस चालवली, कंडक्टर दशरथने विचारलं, "पुन्हा लग्न आहे का?" शेवटी मुलतानी माती, तिच्याएवढंच ताजं गोड दही, किसलेल्या काकडीचं गाळलेलं पाणी आणि गुलाबाची पूड एवढ्यावर त्याचं मन बसलं. ते लावलं की गालांवर ओला वारा लागल्यासारखं वाटायचं आणि चुरचुर अजिबात नाही. आधी कोपराच्या आत लावून पाहायचं हा डॉक्टरांचा नियम त्याने एकदाही मोडला नाही, स्वतःसाठीसुद्धा.

मधेच गावाहून त्याच्या आईचा, इंदुबाईचा फोन आला. सुनेने तिला सगळं आधीच सांगितलेलं दिसत होतं.

"काऊन रे बापा, तोंडाले माती लावतं म्हने तू?"

"पोरीसाठी गं आई. माझ्यासारखे खड्डे पडायला नकोत तिला."

पलीकडे इंदुबाईने फोन दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाली, "तुले मी काय कमी लावलं व्हतं? दर शनिवारी बेसन, साय, बकरीचं दूध घालून घासत होती न्हाताना."

"ते होय? ते तर सगळ्यांनाच लावत होतीस. शनिवारी सगळ्या पोरांना लावतात म्हणायचीस."

"तुले लाज वाटू नये म्हनून म्हनत होती तसं. बाकी कोनाले लावत होती मी? फक्त तुले." आणि लगेच तिने विषय बदलला, नळाला पाणी येतं का, गॅस मिळाला का.

फोन ठेवल्यावर वैजनाथ गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याला ते शनिवार आठवले. दगडावर बसवून आई खसाखसा तोंड चोळायची, तो ओरडायचा, आणि शेजारचा माधव कुंपणावरून बघून हसायचा. माधवला कधी बेसन का लावत नाहीत, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडला नव्हता. आपला चेहरा कुणाच्या खिजगणतीत नव्हता असं तो समजून चालला होता. आणि एक बाई आठवडाभर साय राखून ठेवत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. औषध सुरू केल्यावर पहिल्यांदा मुरूम वाढल्यासारखे वाटले. नम्रता पुन्हा कोमेजली. पण एका रविवारी दुपारी वैजनाथ गॅलरीत वाटी घेऊन बसला असताना ती समोर येऊन पाटावर बसली. बाही वर सरकवून तिने कोपराची आतली बाजू दाखवली. तिने काल स्वतःच लावून पाहिलं होतं.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "लावा."

वैजनाथने स्टेअरिंग धरणारी बोटं आधी स्वच्छ धुतली. मग बोटाच्या टोकाने तो लेप लावत गेला. कपाळ, गाल, हनुवटी. डोळ्यांभोवती जागा सोडली, जिथे फुटलेला मुरूम होता तिथेही सोडली. मग उरलेलं त्याने स्वतःच्या तोंडाला फासलं. दोघं एकमेकांकडे बघत बसली, मातीची दोन माणसं.

तिचा लेप ओला असतानाच धुवायचा असे. त्याच्या कातडीला आता काही होत नाही, म्हणून तो आपला ठेवायचा. नम्रता तोंड धुऊन, पुसून परत येऊन बसली, तेव्हा बापाचे ओठ आवळत आले होते. तिने ते पाहिलं आणि अचानक बोलायला लागली.

कॉलेजमध्ये तेजस नावाचा एक मुलगा आहे. तो तिला 'पिझ्झा' म्हणतो. सगळे हसतात, ज्या मैत्रिणी आहेत त्याही हसतात. ग्रुप फोटो काढताना ती फोटो काढणारी होते, म्हणजे फोटोत यावं लागत नाही. एकदा तिचं प्रेझेंटेशन होतं आणि ती तापाचं कारण सांगून घरी राहिली होती.

वैजनाथच्या डोक्यात खूप काही आलं. त्या तेजसचं तोंड, त्याचा बाप, प्रिन्सिपल, दोन चांगल्या गोष्टी, दोन वाईट. पण तोंड उघडलं असतं तर सगळं तडकलं असतं. म्हणून तो ऐकत राहिला. नुसते डोळे हलत होते. नम्रता बोलून मोकळी झाली, मग म्हणाली, "तुम्ही काही बोलत नाही ते बरंय पप्पा. आई लगेच उपाय सांगते."

त्या दिवसापासून हे रविवारचं ठरूनच गेलं. वैजनाथ मग मुद्दामच आपला लेप जरा आधी लावायला लागला, म्हणजे तिचं धुऊन होईपर्यंत आपला आवळलेला असेल. कधी ती अभ्यासाचं बोलायची, कधी नुसती मोबाईलवर काही वाचून दाखवायची. एकदा तिने सांगितलं, "तेजसला आज मी म्हटलं, पिझ्झा म्हणायचं तर स्वतःच्या पैशाने मागव आणि मग म्हण. सगळे त्यालाच हसले." त्या दिवशी वैजनाथचा लेप कानापासून कानापर्यंत फुटला. त्याला पर्वा नव्हती.

एप्रिलात ऊन तापलं. बसच्या ड्रायव्हरचा उजवा गाल खिडकीच्या बाजूला असतो. डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांचे उजवे गाल डाव्यापेक्षा काळे, रापलेले. त्यात इंजिनाची धग. वैजनाथच्या गालांचे खड्डे काही बुजले नव्हते, ते बुजणारही नव्हते, पण कातडी शांत दिसायला लागली होती. दशरथच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय लावतोस रे?"

वैजनाथने सांगितलं. दशरथने चेष्टा केली, मग दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "थोडी आणशील का? घामोळ्या आल्यात मानेला." वैजनाथने डब्यात कोरडी पूड भरून नेली, दही प्रत्येकाने आपलं आणायचं असं ठरलं. आधी कोपर, मग तोंड. एक ड्रायव्हर गालावरचा पांढुरका चट्टा दाखवायला लागला तेव्हा वैजनाथने डब्याचं झाकणच लावलं. "हे माझं काम नाही. डॉक्टरला दाखव. चल, मी येतो हवं तर."

एका दुपारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत विश्रांतीच्या खोलीत चारपाच जण बाकड्यांवर आडवे पडले होते, तोंडाला माती फासून, डोळे मिटून. नवे आलेले सुपरवायझर बद्रीनाथ दार उघडून आत आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"यांना काय झालंय?"

दशरथची मान तेवढी भरलेली होती, तोंड मोकळं होतं. "सर्व्हिसिंग चालू आहे साहेब," तो म्हणाला. "गाड्यांचं झालं, आता ड्रायव्हरांचं."

बद्रीनाथ दार ओढून गेले. सगळ्यांना वाटलं आता नोटीस निघणार. दोन दिवसांनी ते वैजनाथला एका बाजूला घेऊन म्हणाले, "अहो गावंडे, ते दह्यातच कालवायचं का? आमच्या मिसेसना दही चालत नाही, विचारत होत्या." वैजनाथने सांगितलं, साध्या पाण्यात कालवा, तेही चालतं.

पावसाळ्याच्या शेवटाला डॉक्टरांनी नम्रताचे गाल पुन्हा त्या दिव्याखाली पाहिले आणि औषध कमी केलं. मुरूम अधूनमधून एखादा यायचा. काही ठिकाणी तांबूस डाग होते, तेही फिके पडतील म्हणाल्या. एके सकाळी नम्रता उशीर झाला म्हणून धावत घरातून निघाली. ती गेल्यावर रुपालीला खुर्चीच्या पाठीवर स्कार्फ दिसला. तिने तो उचलला, हाक मारायला गॅलरीपर्यंत गेली, आणि मग तशीच परत आली. घडी घालून कपाटात ठेवला. संध्याकाळी नम्रताने स्कार्फचं नावही काढलं नाही. तिला बहुतेक आठवलंच नव्हतं.

आणि मग दिवाळीच्या आधीचा एक रविवार. कारखान्यात सुट्टीआधीचं काम संपवायचं म्हणून रुपालीने आठवडाभर जास्तीचे तास केले होते. दुपारची भांडी आवरून ती पदराला हात पुसत गॅलरीत आली. बापलेकीचं नेहमीचं चाललं होतं.

"मलाही लावा," ती म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

"तुला काय झालंय?" वैजनाथने विचारलं. त्याचा लेप अजून ओला होता.

"काही व्हायलाच पाहिजे का? आमटीची डाळ तर नाही ना त्यात?"

नम्रताने उठून आईला आपली जागा दिली आणि वाटी स्वतःच्या हातात घेतली. आईची बाही वर करून ती म्हणाली, "आधी कोपराला. उद्या तोंडाला."

"काय गं बाई! माझ्या घरात मलाच नियम!"

"नियम म्हणजे नियम," वैजनाथ म्हणाला.

म्हणून रुपालीला तोंडासाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागली. त्या आठवड्यात वैजनाथची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आली होती. तिनेही अर्धा दिवस मागून घेतला. गॅलरीत ऊन तिरपं आलं होतं. नम्रताने आईच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून बोटं फिरवली. "थंड आहे गं," रुपाली म्हणाली, आणि मान भिंतीला टेकवली. नम्रता वाटी धुवायला गेली. परत येते तर आईचा श्वास लांब लांब यायला लागला होता. भर दुपारी ती झोपलेली दोघांनी कधी पाहिली नव्हती.

"उठवू?" नम्रताने कुजबुजत विचारलं. "वाळेल ना."

वैजनाथने नको म्हणून मान हलवली. आत जाऊन एक मऊ फडकं भिजवून, पिळून आणलं. रुपालीसमोर पाटावर बसून तो हलक्या हाताने माती पुसायला लागला. आधी कपाळ, मग एक गाल, मग दुसरा. मधेच तिची भुवई हलली, पण डोळे उघडले नाहीत. नम्रता फडकं खळबळून आणून देत होती. खाली रस्त्यावर फुलवाला ओरडत गेला, तेव्हा वैजनाथने हात थांबवला, तो लांब जाईपर्यंत वाट पाहिली, आणि मग पुन्हा पुसायला लागला.